तुटक रेषा

नागपूरला चढ असा फारसा नाही.
सेमिनरी हिल्सला आम्ही टेकडी म्हणतो,
सायकलवरून उतरावंही लागत नाही तरी.
आणि त्याच टेकडीवरच्या कचेरीत, तळमजल्याला,
सातपुड्याचे सगळे कडे
गुंडाळून ठेवलेत टिनाच्या नळ्यांत.

मे महिना. कूलरला वाळ्याचा वास,
पाणी संपलं की नुसती घरघर.
मी एकेक नकाशा काढते, सुरळी उलटी मोडते,
चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवते,
जरा सपाट झाला
की स्कॅनरच्या काचेवरून डोंगर सरकवते.

हा कापडावर चिकटवलेला, एकोणीसशे अकराचा.
तपकिरी रेषा इतक्या दाट
की नुसतं बोट फिरवलं तरी दम लागावा.
नाल्यांच्या निळ्या शिरा, शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत:
उन्हाळ्यात पाणी नाही.
पण वायव्येला, नखाएवढ्या जागेत,
रेषा तुटक होतात.
दोरा संपत आल्यावर
लांब लांब टाके घालून वेळ भागवावी, तशा.
शिखराला आकडाही नाही.

देवतळे सर म्हणाले, त्यात काय बघायचं,
उपग्रहाचं आलंय सगळं, वरून भरून टाका.
चपराशी गजबे म्हणाला,
काहून मॅडम, दोन दिवसांपासून
तिथंच काहून अटकून राहिल्या?

नळीच्या तळाशी फील्डबुक निघालं.
उर्दूत. कसरीनं कडा खाल्लेल्या.
मोमीनपुऱ्यात निकाहाची कार्डं लिहिणाऱ्या
नियामत चाचांकडे घेऊन गेले.
त्यांनी चष्मा काढला, पान नाकाशी धरलं
आणि आधी अक्षराचंच कौतुक केलं:
हा करामत हुसेन सर्वेअर कोण होता बेटी,
याचा नून बघ, पाण्यावर बसलेली होडी.
मग वाचलं,
"झंडीवाला भुऱ्या दारसिंबे. बुख़ार. तीन दिन.
पहाड़ी पर कोई नहीं.
अंदाज़ से खींचा."
आणि समासात हिशेब:
मजुरी वजा, साडेसात आणे.

मला वाटायचं, डोंगर दुर्बिणीनं मोजतात.
वीस वर्षं याच खात्यात, आणि हेच वाटायचं.
पलीकडे कुणीतरी आधी चढून जावं लागतं,
काट्यांतून, अनवाणी,
आणि झेंडी धरून उभं राहावं लागतं वाऱ्यात
खालच्या माणसाचं बघून होईपर्यंत.
नकाशावर त्याचं काहीच येत नाही,
येतो फक्त तो उभा होता तिथला आकडा.

ते तीन दिवस शिखर होतंच जागेवर.
अस्वलांनी टेंभरं खाल्ली असतील,
सकाळी ऊन आधी तिथंच पडलं असेल.
भुऱ्या खाली राहुटीमागे घोंगडीत कुडकुडत,
आणि त्याच्या तापाचा नकाशा
इथं, माझ्या वजनांच्या मधोमध,
शंभरावर वर्षं वाळलेला.

उपग्रहाला ताप येत नाही.
त्यानं दाखवलं, अंदाज चाळीस फुटांनी चुकला होता,
आणि एक घळ राहूनच गेली होती,
खोल, ओली, झाडांनी गच्च.
करामत हुसेनला ती कधी कळली नाही.
भुऱ्याला बहुतेक ठाऊक असावी.
त्याला कुणी घळींबद्दल विचारलं नव्हतं,
झेंडीपुरतंच विचारलं होतं.

मी रेषा भरल्या. अखंड, एकसारख्या.
पगार त्याचाच मिळतो.
फाइलच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
साठ अक्षरांचा, कुणी उघडत नाही असा.
त्यात लिहिलं:
झंडीवाला भुऱ्या दारसिंबे, आजारी, शिखरावर नव्हता.
मावलं.

संध्याकाळी कुलूप लावताना गजबेला विचारलं,
साडेसात आणे म्हणजे आजचे किती रे?
त्यानं बोटांवर काहीतरी केलं,
किल्ली खिशात टाकली.
काहीच नाई होत मॅडम, म्हणाला,
आन् सायकल उताराला लावून
पॅडल न मारता खाली गेला.